ढकलपास हा शब्द आणि आपली सहावी ते आठवीची मुलं: थोडी पार्श्वभूमी

यंदा जूनपासून मुंबईतल्या आपल्या शाळेत सहावी, सातवी, आठवीला ज्यादा तास आणि दर महिन्याला एक छोटी चाचणी सुरू करायचं ठरतंय. पालकसभेत यावर दोन टोकांची मतं आली. एक बाजू म्हणाली आधी नापास करायला लागा मग मुलं आपोआप पुस्तक उघडतील, दुसरी म्हणाली पोरांवर आधीच एवढं प्रेशर आहे त्यात आणखी चाचण्या कशाला. दोन्हीकडचं ऐकताना जाणवलं की २०१० ला शिक्षण हक्क कायदा लागू होऊन आठवीपर्यंत नापास करणं बंद झालं, त्यानंतर नक्की काय काय झालं ते प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यात माहितीये, म्हणून सगळं एका जागी लिहून काढतेय. मी या वर्गांना गणित शिकवते, त्यामुळे उदाहरणं गणिताकडे झुकतील.

आधी "प्राथमिक" या शब्दाचा गुंता. आपल्याकडे मिडल स्कूल असं कोणी बोलत नाही, प्राथमिक आणि हायस्कूल एवढंच. जुन्या मुंबई इलाख्यात सातवीला व्हर्नाक्युलर फायनल ही मातृभाषेतली शेवटची परीक्षा असायची, ती झाली की माणूस मास्तरकीला लागू शकायचा, म्हणून घरातली जुनी माणसं "फायनल झालेला" असं मानाने सांगायची. मुंबई शहरासाठी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९२० चा आणि प्रत्यक्ष सक्ती १९२५ ला एफ आणि जी वॉर्डात, म्हणजे परळ-दादर-वरळीच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत सुरू झाली. पुढे १९७५ ला दहावीची पहिली एसएससी झाली, अकरावी मॅट्रिक गेली, आणि पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी, आठवी ते दहावी ही घडी बसली. इंग्रजीसुद्धा पाचवीलाच सुरू व्हायचं, ते २००० पासून पहिलीला आलं. म्हणजे आपल्या डोक्यात सातवीनंतर एक रेघ आहे आणि ती फार जुनी आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ही रेघ आठवीनंतर नेली. कायद्याच्या भाषेत प्राथमिक शिक्षण म्हणजे पहिली ते आठवी, त्यात पहिली ते पाचवी एक टप्पा आणि सहावी ते आठवी दुसरा. मराठीत दोन्हीकडे "प्राथमिक" हाच शब्द वापरल्यामुळे पालक सोडाच, स्टाफरूममध्येही वाद व्हायचे की आठवी प्राथमिक कशी काय. मुंबईत याचा त्रास जास्त झाला कारण पालिकेच्या कितीतरी शाळा सातवीपर्यंतच होत्या. सातवीचा दाखला हातात मिळाला की जवळच्या अनुदानित हायस्कूलमध्ये आठवीला जागा शोधायची, तिथे दुसरी शिफ्ट, रस्ता ओलांडून जायचं, ओळखीचं कोणी नाही, आणि मग मुलगी असेल तर "राहू दे आता, धाकट्याला सांभाळ" असं होऊन नाव पटावरूनच जायचं. २०१३ ला राज्याने चौथीपर्यंतच्या शाळांना पाचवी आणि सातवीपर्यंतच्या शाळांना आठवी जोडायचा जीआर काढला, पाचवीसाठी एक किलोमीटर आणि आठवीसाठी तीन किलोमीटरच्या अंतराचे नियम घातले, पण मुंबईत अंतराची अडचण नव्हती, खोल्यांची होती, शिवाय हायस्कूलवाल्यांची आठवीची तुकडी गेली की तिथले शिक्षक सरप्लस (गरजेपेक्षा जास्त) ठरणार ही भीती, त्यामुळे काही ठिकाणी आठवी जोडली गेली आणि काही ठिकाणी नाही. स्कॉलरशिपचंही तेच, चौथी-सातवीची परीक्षा २०१७ ला पाचवी-आठवीला आली आणि आता २०२५ ला पुन्हा चौथी-सातवीकडे न्यायचं ठरलं.

आता मूळ मुद्दा, नापास न करण्याचा. सगळं भांडण यावरच आहे म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १६ मध्ये होतं की आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला मागच्या वर्गात ठेवायचं नाही आणि शाळेतून काढायचं नाही. लोकांनी एवढंच वाचलं. त्याच कायद्यात कलम २४ आहे, शिक्षकाची कर्तव्यं सांगणारं, त्यात लिहिलंय की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासायची आणि गरज असेल तसं ज्यादा शिकवायचं. कलम २९ मध्ये सतत आणि सर्वंकष मूल्यमापन आहे. ही तिन्ही कलमं एकत्र वाचली तर अर्थ सरळ आहे, मूल मागे पडलं की लगेच ओळखा, लगेच मदत करा, म्हणजे वर्षाच्या शेवटी त्याला मागे ठेवायची वेळच येणार नाही. यातलं पहिलं कलम एका दिवसात लागू करता येतं, नुसतं रिझल्टपत्रकावर नापास लिहायचं बंद केलं की झालं. बाकीच्या दोन कलमांना माणसं लागतात, वेळ लागतो, खोली लागते. ती आली नाहीत. "ढकलपास" हा शब्द त्यातून जन्मला आणि माझ्या मते तो मुलांवर फार मोठा अन्याय करणारा शब्द आहे, कारण त्यात मूल ढकललं गेलं एवढंच दिसतं, त्याला हात द्यायचा राहून गेला ते दिसत नाही.

राज्याने २० ऑगस्ट २०१० ला मूल्यमापनाचा जीआर काढला. आकारिक (वर्षभर शिकवता शिकवता करायचं) आणि संकलित (सत्राच्या शेवटच्या परीक्षेचं) असे दोन भाग. पाचवी-सहावीला ५०-५० टक्के, सातवी-आठवीला आकारिक ४० आणि संकलित ६०. आकारिकसाठी निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर अशी आठ साधनं. मार्कांऐवजी श्रेणी आली, अ-१ पासून इ-२ पर्यंत. आणि प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयाच्या वर्णनात्मक नोंदी. कागदावर ही पद्धत खरंच चांगली आहे, मी आजही म्हणेन. पण हिशोब करून बघा, ५० मुलांचा वर्ग, ९ विषय, २ सत्रं, म्हणजे एका वर्गामागे ९०० नोंदी. त्यात कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा आणि गणित-विज्ञान, भाषा, सामाजिक शास्त्र यांना वेगवेगळे शिक्षक हवेत, प्रत्यक्षात एक पद रिकामं, एक जण इलेक्शनच्या कामाला, म्हणजे एकेक जण दोन-दोन वर्ग एकत्र करून बसलेला. मग बाजारात नोंदींची तयार पुस्तकं आली, नंतर व्हॉट्सॲपवर पीडीएफ फिरायला लागल्या, आणि सत्राच्या शेवटी दोन दिवस बसून नोंदी उतरवून काढायच्या असा रिवाजच पडला.

एक प्रसंग सांगते, तेव्हा मी दुसऱ्या शाळेत होते. सातवीत एक मुलगा, शांत, वही एकदम स्वच्छ, फळ्यावरचं सगळं उतरवून घेणारा. एकदा सहज त्याला ४०२ मधून १६८ वजा करायला दिले. त्याने उत्तर लिहिलं ३६६. मी म्हटलं कसं केलंस सांग, तर त्याने बोट ठेवून सांगितलं, चारातून एक गेला तीन, सहातून शून्य गेला सहा, आठातून दोन गेले सहा. म्हणजे प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करायचं हा त्याचा स्वतःचा नियम होता, हातचा घेणं त्याला कधी कळलंच नव्हतं, आणि हा नियम तो तिसरीपासून वापरत असणार. मी त्याची आदल्या वर्षीची नोंद काढली. "संख्यांवरील क्रिया अचूक करतो." श्रेणी ब-२. त्या नोंदीवर सही करणाऱ्याला मी दोष देत नाही कारण त्याच वर्षी माझ्या हातूनही तशाच नोंदी गेल्यात, कुठल्या मुलाला काय येतं हे न बघता, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. चार दिवस काड्यांचे गठ्ठे घेऊन बसलो तेव्हा त्याला हातचा समजला. चारच दिवस लागले. ते चार दिवस त्याला तिसरीत मिळाले असते तर मधली चार वर्षं तो गणिताच्या तासाला नुसता उतरवत बसला नसता.

मुलांचं शाळेत मन लागत नाही अशी तक्रार असते ना, त्याचं मूळ मला तरी इथे दिसतं. सहावी-सातवीचं मूल मस्ती करतं, मागच्या बाकावर जातं, गणपतीला गावी गेलं की दिवाळीनंतरच उगवतं, कारण वर्गात जे चाललंय त्यातलं त्याला काहीच कळत नसतं. मान डोलावत बसायचं, दुसरं करणार काय.

मधल्या काळात मुलांना शाळेत आणायला बरंच झालं, ते नाकारून चालणार नाही. शिजवलेला पोषण आहार २००८-०९ पासून देशभर सहावी ते आठवीलाही मिळायला लागला, या वयाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं असा हिशोब आहे. पालिकेने दप्तरापासून छत्रीपर्यंत २७ वस्तू फुकट द्यायला सुरुवात केली, २०१५ ला आठवीच्या मुलांना टॅब दिले, २०२० नंतर शाळांची नावं मुंबई पब्लिक स्कूल झाली, नवीन बोर्डांच्या शाळा निघाल्या आणि तिथे ॲडमिशनला रांगा लागल्या. दुसरीकडे चाळी पडल्या, टॉवर आले, माणसं विरार-बदलापूरला गेली, कोणी प्रकल्पात उठून माहुल-मानखुर्दला गेलं, लालबाग-परळच्या मराठी शाळांचे वर्ग ओस पडले. हजेरी वाढली का याचं उत्तर म्हणूनच एका वाक्यात देता येत नाही, वॉर्ड बदलला की उत्तर बदलतं.

२०१५ ला राज्याने प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम सुरू केला, पायाभूत चाचण्या आल्या, सातारा जिल्ह्यातल्या एका बीटमध्ये (शाळांच्या गटात) झालेलं रचनावादी, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकण्याचं काम बघायला राज्यभरातून शिक्षक जायला लागले. तेव्हा पहिल्यांदा प्रत्येक मुलाला वाचता येतं का, वजाबाकी येते का हे उघडपणे विचारलं गेलं, म्हणून त्या वर्षांबद्दल मला आपुलकी आहे. फक्त सगळा जोर पहिली ते पाचवीवर होता. सहावी-सातवीत न वाचता आलेलं मूल तिथेही मधेच राहिलं.

मग १६ मार्च २०२० नंतरच्या त्या आठवड्यात शाळा बंद झाल्या. मुंबईत आठवी आणि त्यापुढचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडले आणि पहिली ते सातवी १५ डिसेंबर २०२१ ला. म्हणजे चौथीच्या बाकावरून उठलेलं मूल २१ महिन्यांनी परत आलं ते सहावीत. पाचवी पूर्ण आणि सहावी निम्मी फोनवर, तोही घरात एकच, बाबा ड्यूटीवर घेऊन जाणार. मागचं राहिलेलं भरून काढायला ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम दिला गेला, तो पण ऑनलाइनच.

या सगळ्याच्या पाठीमागे दिल्लीत वेगळंच चाललं होतं. नापास न करण्याने मुलं शिकतच नाहीत अशी ओरड बऱ्याच राज्यांनी केली, समिती बसली, आणि २०१९ ला कायद्यात बदल झाला की पाचवी आणि आठवीला परीक्षा घ्या, नापास झालं तर ज्यादा शिकवून दोन महिन्यांत फेरपरीक्षा घ्या, त्यातही नाही झालं तर मागे ठेवायचं की नाही ते राज्याने ठरवावं. आपल्या राज्याने २०२३ ला नियम बदलले आणि २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा सुरू केली. पाचवीला विषयाला ५० मार्कांची, आठवीला ६० ची, पास व्हायला ३५ टक्के, सवलतीचे गुण, जूनमध्ये फेरपरीक्षा, आणि तीही गेली तर त्याच वर्गात.

आता इथे जरा बोटं मोजून बघा. २०२३-२४ ला आठवीत कोण होतं? मार्च २०२० ला चौथीत असलेली मुलं. तीच, सहावीच्या अर्ध्यात परत आलेली. आणि पाचवीत कोण, तर अख्खी दुसरी फोनवर गेलेली. राज्याने नापासची पहिली परीक्षा नेमकी याच दोन बॅचची घेतली. परीक्षा नको असं मी म्हणत नाही, चाचणीशिवाय आम्हाला तरी कसं कळणार, पण २०१० ला कलम २४ राहून गेलं तसं २०२३ लाही "ज्यादा शिकवून" हा भाग पुन्हा मे महिन्यावर गेला, आणि मे महिन्यात आपल्याकडची निम्मी मुलं कोकणात नाहीतर युपी-बिहारला असतात. फेरपरीक्षेला जूनमध्ये येतात तेव्हा मधल्या दिवसांत त्यांना कोणी काही शिकवलेलं नसतं.

नवीन राष्ट्रीय शिक्षण धोरणात २०२० पासून सहावी ते आठवी हा वेगळा टप्पा मानलाय, दप्तराविना १० दिवस, हातकाम शिकणं वगैरे त्यात आहे, पण वर्गात अजून तेवढं पोचलेलं नाही.

म्हणून आपल्या शाळेत जे ठरतंय ते आठवीच्या परीक्षेची वाट न बघता सहावीपासून आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पहिली चाचणी, हातच्याच्या पाच वजाबाक्या आणि दहा ओळींचा एक उतारा मोठ्याने वाचायचा, बस. त्याला मार्क नाहीत, श्रेणी नाही, पेपर वर्गशिक्षकाकडेच राहणार, आणि प्रत्येक चुकीपुढे मुलाने ते कसं केलं हे त्याच्याच शब्दांत एक ओळ लिहायची. ज्यादा तास खिचडीनंतरचा अर्धा तास, दुपारच्या शिफ्टची मुलं वर्गात यायच्या आधी, तळमजल्यावरच्या खोलीत. खोलीला पंखा नाहीये, तेवढा जूनच्या आधी बसवून द्या अशी व्यवस्थापन समितीतल्या पालकांना विनंती.