यूएसबीतून निघालेलं चित्र पडद्यावर कसं पोचतं?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीचं डिझाइन करणाऱ्याला हल्ली एक पडदा पुरत नाही. कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागाचं, थ्रीडी मॉडेल एकावर, ग्राहकाचं ड्रॉइंग दुसऱ्यावर, मेल आणि एक्सेल तिसऱ्यावर, अशी मांडणी लागते. शाहूपुरीतल्या कर सल्लागाराचंही तसंच. एकीकडे टॅली, दुसरीकडे जीएसटीचं पोर्टल उघडं असलं की काम भराभर उरकतं. लॅपटॉपला मात्र बहुतेक वेळा एचडीएमआयचं एकच भोक असतं. मग राजारामपुरीतल्या एखाद्या दुकानात जाऊन 'यूएसबी टू एचडीएमआय' मागायचं. दुकानदार दोन वस्तू पुढे ठेवतो, एक काहीशे रुपयांची, दुसरी काही हजारांची. दोन्हींच्या टोकाला एचडीएमआयच असतं, त्यामुळे माणूस साहजिकच स्वस्तातली उचलतो. घरी आल्यावर पडदा काळाच राहिला, तर त्याचं कारण या दोन वस्तूंच्या पोटात आहे.

स्वस्तातलं ते टाईप-सी कन्व्हर्टर स्वतः चित्र बनवत नाही. लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपमधून निघालेला तयार सिग्नल ते फक्त पुढे पोचवतं. त्यासाठी टाईप-सी पोर्टात 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' असावा लागतो. म्हणजे पोर्टातल्या वेगवान तारांच्या काही जोड्या डेटाचं काम सोडून थेट चित्राचा सिग्नल वाहतात. ही सोय प्रत्येक टाईप-सी पोर्टात नसते, आणि नसली तर कुठलंही सॉफ्टवेअर टाकून ती आणता येत नाही. पोर्टाशेजारी डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टची खूण असेल तर काळजी नाही. खूण नसेल तर लॅपटॉपच्या मॉडेलची माहिती वाचूनच खात्री करावी.

महागाची वस्तू, म्हणजे यूएसबी ग्राफिक्स अडॅप्टर, वेगळ्याच वाटेनं जाते. तिला साधं जुनं यूएसबी पोर्टही चालतं. पण त्या पोर्टातून चित्राचा सिग्नल बाहेर येतच नाही, तिथून फक्त डेटा जातो. पेन ड्राइव्हवर फाइल जाते, तसंच चित्रही डेटा होऊन जायला हवं.

आणि चित्राचा डेटा प्रचंड असतो. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू. प्रत्येक बिंदूच्या रंगाला २४ बिट लागतात आणि पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे ३०० कोटी बिट होतात. यूएसबी २.० ची कागदावरची कमाल क्षमता सेकंदाला ४८ कोटी बिट आहे, प्रत्यक्षात त्याहूनही कमी मिळते. यूएसबी ३.० ची क्षमता ५०० कोटी. तिथे एक फुल एचडी पडदा कसाबसा मावेल, पण फुल एचडीच्या चौपट बिंदू असलेल्या फोर-के पडद्याला जवळपास १२०० कोटी लागतात. कच्चं चित्र पाठवायचं म्हटलं तर हिशोब जमतच नाही.

तो जमवला कोणी? या क्षेत्रातलं सर्वांत परिचित नाव डिस्प्लेलिंक. ही कंपनी २००३ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजला सुरू झाली आणि २०२० मध्ये सिनॅप्टिक्सनं ती विकत घेतली. युक्ती अशी, की लॅपटॉपमध्ये बसवलेला ड्रायव्हर, म्हणजे अडॅप्टर चालवणारं सॉफ्टवेअर, ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो, 'इथे आणखी एक मॉनिटर आहे.' सिस्टिम त्या मॉनिटरसाठी चित्र तयार करून मेमरीत ठेवते. ड्रायव्हर ते उचलतो, आधीच्या चित्राशी ताडून पाहतो आणि बदललेला भाग तेवढा दाबून, लहान करून यूएसबीवरून धाडतो. दारातली रांगोळी एका कोपऱ्यात पुसली गेली तर आपण सगळी रांगोळी पुन्हा काढत नाही, तेवढाच कोपरा भरतो. इथेही तेच. अडॅप्टरमधल्या चिपकडे स्वतःची मेमरी असते. त्यात आधीचं पूर्ण चित्र जपलेलं असतं. आलेला तुकडा उलगडून ती योग्य जागी बसवते आणि मॉनिटरला नेहमीसारखा एचडीएमआय सिग्नल देत राहते.

आता त्या डिझायनरच्या टेबलाशी परत जाऊ. अडॅप्टरवरच्या पडद्यावर एक्सेल उघडं आहे आणि त्यानं एका चौकोनातला आकडा बदलला. तो चौकोन ८० बाय २० बिंदूंचा धरा. वीस लाखांहून जास्त बिंदूंपैकी बदलले जेमतेम १,६००. एवढं पाठवायला यूएसबी २.० सुद्धा पुरे. मग त्यानं कास्टिंगचं मॉडेल त्याच पडद्यावर आणलं आणि माउसनं फिरवलं. साच्यात वितळलेला धातू नेणारे रनर, तो पुरवणारे रायझर, प्रत्येक गोलाईवरची छटा दर फ्रेमला वेगळी. ड्रायव्हरला दर वेळी पडद्याचा मोठा भाग नव्यानं दाबून पाठवावा लागतो. प्रोसेसरवर ताण येतो, काही फ्रेम गळतात, आणि मॉडेल हाताच्या मागून रखडत आल्यासारखं वाटतं. अनेकांना वाटतं मॉनिटर खराब आहे. मॉनिटर अगदी ठीक असतो. म्हणून माझं ठाम मत आहे की फिरणारं मॉडेल आणि व्हिडिओ लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर किंवा थेट एचडीएमआयवर ठेवावेत. ड्रॉइंगची पीडीएफ, मेल, टॅली हे सगळं अडॅप्टरकडे खुशाल द्यावं. तिथे फरक कळतही नाही.

हे डोळ्यांनी बघता येतं. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, एक व्हिडिओ चालू करा आणि त्याची खिडकी लॅपटॉपच्या पडद्यावरून अडॅप्टरच्या पडद्यावर ओढा. प्रोसेसरचा आकडा वर चढतो. व्हिडिओ थांबवला की खाली येतो.

ही सगळी कामगिरी ड्रायव्हरवर उभी असल्यानं बाकीच्या विचित्र वाटणाऱ्या गोष्टीही उलगडतात. लॅपटॉप सुरू होताना कंपनीचा लोगो या पडद्यावर दिसत नाही, कारण तेव्हा ड्रायव्हर जागाच झालेला नसतो. मॅकवर हे सॉफ्टवेअर 'स्क्रीन रेकॉर्डिंग'ची परवानगी मागतं तेव्हा लोक दचकतात, पण चित्र उचलायचं तर ती लागणारच. त्याच कारणानं, नक्कल होऊ नये म्हणून सुरक्षित केलेले सिनेमे मॅकवर काळे दिसतात. तरीही मॅकवाल्यांमध्ये या अडॅप्टरला मागणी आहे. २०२० चा एम-१ चिपचा मॅकबुक एअर स्वतःहून एकच बाहेरचा मॉनिटर चालवतो, आणि चित्र डेटा म्हणून पाठवलं की ती मर्यादा आड येत नाही.

घेताना लॅपटॉप सोबत न्या आणि दुकानातच लावून बघा. अडॅप्टर यूएसबी ३.० चा असेल तर पोर्टही तसंच निवडा, टाईप-ए असेल तर ते बऱ्याचदा आतून निळं असतं. अडॅप्टर यूएसबी हबमधून जोडला असेल तर त्याच हबवर हार्ड डिस्क लावून मोठ्या फाइली कॉपी करू नका, वाट एकच असल्यानं पडदा अडखळतो. लॅपटॉप ऑफिसचा असेल, तर ड्रायव्हर टाकायची परवानगी आयटी विभागाकडून आधी घ्या. काही ठिकाणी ती मिळत नाही, आणि ड्रायव्हरशिवाय बहुतेक अडॅप्टर पडद्यावर काहीच दाखवू शकत नाहीत.