गळाचा रॉड घरी बांधताना

गळाच्या रॉडला दोन उलट कामं करावी लागतात. गळ लांब फेकायचा तर रॉड झटक्यात सरळ झाला पाहिजे. कटला मासा ओढू लागला की मात्र रॉडनं वाकून प्रत्येक हिसका स्वतःवर घेतला पाहिजे, नाहीतर तंगूस, म्हणजे गळाची दोरी, तुटतो. हे दोन्ही कसं साधतं ते कळायला एक रॉड स्वतः बांधून पाहण्यासारखं दुसरं काही नाही. खडकवासला, पानशेत, पवना अशी जलाशयं हाकेच्या अंतरावर असलेल्या पुणेकरांनी तर हा छंद जरूर करावा. फक्त पाण्यावर जाण्याआधी तिथली परवानगी विचारून घ्यावी.

घरी बांधायचा म्हणजे नळी बनवायची नाही. ती तयारच मिळते, तिला ब्लँक म्हणतात. रेझिन भिनवलेलं कार्बन किंवा ग्लास फायबरचं कापड निमुळत्या पोलादी गजावर गुंडाळून भट्टीत भाजतात आणि गज ओढून काढतात. आतून पोकळ ठेवण्याचं कारण असं, की वाकताना सर्वाधिक ताण बाहेरच्या थरावर येतो. गाभ्याचा उपयोग थोडा, वजनच जास्त. बांबूतही चिवट तंतू सालीकडेच दाटलेले असतात. भिंतीची जाडी तेवढीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला की ताठपणा सुमारे 8 पट होतो. म्हणून मुठीकडचा भाग जेमतेम वाकतो आणि शेंडा सहज लवतो. पहिल्या रॉडसाठी ग्लास फायबरच घ्या. तो जड असतो, पण जास्त वाक सोसतो आणि आपटला तरी लवकर तडकत नाही.

ब्लँकचा बुंधा फरशीवर टेकवा, शेंडा तळहातानं हलका दाबा आणि वाकलेला मधला भाग बोटांनी फिरवा. एका जागी तो आपोआप गर्रकन वळून स्थिर होतो. गुंडाळलेल्या कापडाचे थर सगळीकडे अगदी सारखे नसतात, त्याचा हा परिणाम. ती बाजू खडूनं खुणा करून ठेवा. गाइड, म्हणजे तंगूस ओवायच्या कड्या, त्या रेषेत धाग्यानं गुंडाळून लावायच्या.

खरी कारागिरी गाइडमध्येच आहे. सगळीकडे सारख्या जाडीची छडी एका टोकाला पकडून हलवली, तर तिच्या शेंड्यावरचा 1 ग्रॅम मध्यावरच्या 8-9 ग्रॅमइतकी तिची हालचाल मंदावतो. निमुळत्या रॉडमध्ये हा फरक आणखी मोठा. तेव्हा शेंड्याकडे सगळ्यात छोट्या, हलक्या कड्या लावा आणि तिथे धागाही कमीत कमी गुंडाळा.

कड्यांची जागा तक्ता पाहून ठरवू नका. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे कापून त्यांनी कड्या तात्पुरत्या अडकवा, तंगूस ओवा आणि त्याला पाण्याची बाटली टांगून रॉड वाकवा. दोन कड्यांमध्ये तंगूस वाकाची साथ सोडून सरळ धावत असेल, तर तिथलं अंतर कमी करा. कड्या वाढल्या की घर्षण वाढेल, ही भीती मासा लढतानाच्या ताणापुरती तरी फोल आहे. ते घर्षण तंगूस एकूण किती अंशांत वळला यावर ठरतं. तेच वळण 6 कड्यांत वाटलं काय किंवा 10 कड्यांत, फरक नगण्य.

कड्यांच्या पायांची टोकं कानशीनं घासून कागदासारखी पातळ करा, म्हणजे नायलॉनचा धागा न अडखळता त्यांवर सलग चढतो. ताण एवढाच ठेवा, की गुंडाळून झाल्यावरही अंगठ्याच्या जोरानं कडी किंचित सरकवता यावी.

धाग्यावर इपॉक्सीचा लेप बसतो. रेझिन आणि हार्डनर हे त्याचे दोन्ही भाग दोन वेगळ्या सिरिंजनं मोजा. अंदाजानं ओतलेलं मिश्रण कायम चिकट राहतं. ते कपात ठेवू नका, अॅल्युमिनियम फॉइलवर पसरा. रासायनिक क्रियेत उष्णता निघते आणि ढीग असला की ती साठून मिश्रण लवकर घट्ट होतं. एप्रिलच्या पुण्यात तर हात आणखी चटचट चालवावा लागतो. लेप ओघळू नये म्हणून रॉड काही तास आडवा फिरत राहिला पाहिजे. त्यासाठी गिअरची संथ मोटर पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत शोधा. जुलै-ऑगस्टमध्ये दमट हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड हार्डनरमधल्या अमाइन या रसायनाशी संयोग पावून वर मेणचट थर धरतो. पावसाळ्यात हे काम बंद खोलीत, कोरडा दिवस पाहून करा, आणि लेप पुरता कडक होईपर्यंत 2-3 दिवस रॉड वाकवू नका.