एका मोठ्या सबपेक्षा दोन छोटे बरे
इंदिरानगरला मेहुण्याने हॉलमध्ये 12 इंची सबवूफर (थोडक्यात सब, म्हणजे नुसता बेस, खालचा जाड आवाज, काढणारा स्पीकर) आणला, कोपऱ्यात ठेवला आणि गणपतीत रेकॉर्ड केलेला नाशिक ढोल लावला. मागच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर बसलं की नुसता घुमतोय, शोकेसच्या काचा थरथरतायत, आणि उठून हॉलच्या मधोमध गेलं की बेस गायब! तो म्हणाला, "दाजी, पीस खराब निघाला, बदलून आणू." पण पीस चांगलाच होता हो, हे सगळं खोलीचं काम.

35 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 35 कंपनं असलेल्या आवाजाची, एक लाट साधारण 10 मीटर लांब असते, म्हणजे त्याच्या 16 बाय 12 फुटी हॉलच्या लांबीच्या दुप्पट. भिंतीवर आपटून परत आलेली लाट जाणाऱ्या लाटेत मिसळते, त्यामुळे दोन्ही टोकांना जोर चढतो आणि बरोबर मध्ये जवळपास काहीच उरत नाही. रुंदीच्या बाजूने हेच 47 हर्ट्झला होतं. त्यात आपल्या भिंती वीट-काँक्रीटच्या, बेस शोषतच नाहीत. फोन सबला जोडून 35 चा टोन लावा आणि हॉलमध्ये हळू चालून बघा, लगेच कळतं. ईक्यूने (ठराविक हर्ट्झचा आवाज कमी-जास्त करायच्या सेटिंगने) सोफ्यावरचं घुमणं कमी केलं तर मधल्या खुर्चीवर होता तोही बेस जातो.

मग आम्ही मोठा परत देऊन एकसारखे दोन छोटे आणले, एक टीव्हीखाली, एक सोफ्यामागे, दोन्ही आपापल्या भिंतीच्या मधोमध, फेज (दोघांनी एकाच वेळी ढकलायची सेटिंग) आणि व्हॉल्यूम सेम. 35 च्या लाटेत एका टोकाला दाब वाढतो तेव्हा दुसऱ्या टोकाला कमी होतो, आणि हे दोघं एकाच वेळी सारखंच ढकलतात, त्यामुळे ती लाट उभीच राहत नाही. 47 चं तर अजून सोपं, झोका वर कडीपाशी ढकलला तर हलतो का, तसं रुंदीच्या मध्यावरून ती लाट उठतच नाही.

हर्मन या ऑडिओ कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी 2002 मध्ये सबच्या कितीतरी मांडण्या तपासल्या होत्या, त्यात चारच्या पुढे फारसा फायदा दिसला नाही आणि समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावरचे दोन चारच्या बरेच जवळ आले. मला तरी घरासाठी दोनच पटतात.

70 हर्ट्झचं घुमणं मात्र राहतं, कारण त्या लाटेत दोन्ही टोकं एकाच वेळी दाबली जातात, पण ते सगळ्या सोफ्यावर सारखं असल्यामुळे आता ईक्यूने खाली आणता येतं. ते केलं आणि परत ढोल लावला, तर एक ठोका विरून मगच दुसरा पडत होता, आणि टिपरूचा आवाज वेगळा ऐकू येत होता.