बंद दारामागचे रुग्ण : वन्यजीव बचाव केंद्रात फिरताना

वन्यजीव बचाव आणि शिक्षण केंद्राला पहिल्यांदा भेट देणाऱ्या माणसाच्या मनात बहुधा प्राणिसंग्रहालयाचे चित्र असते, आणि आत शिरल्यावर थोड्याच वेळात त्याचा विरस होतो. पाहायला मिळणारे प्राणी मोजकेच असतात : पंख कायमचा अधू झालेला ससाणा, एका डोळ्याने आंधळे घुबड, कवचावर जुन्या भेगेचा वण असलेले कासव, माणसांत वाढल्यामुळे माणसाला न बुजणारा एखादा कोल्हा. याच आवारात इतर कितीतरी प्राण्यांवर उपचार चालू असल्याचे मार्गदर्शक सांगतो, पण ते ज्या इमारतीत असतात तिचे दार बंद असते. म्हणजे आपल्याला जे दिसतात ते रानात परत जाऊ न शकलेले प्राणी, आणि ज्यांच्यासाठी हे केंद्र मुळात उभे राहिले ते मात्र दिसत नाहीत. हा आडमुठेपणा वाटू शकतो. प्रत्यक्षात या बंद दारामागे शरीरशास्त्र आणि वर्तनशास्त्र यांतील अगदी ठोस कारणे आहेत.

पहिले कारण भीती हे आहे. पाळीव कुत्र्याला डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्यावर मालकाने पाठीवरून हात फिरवला की तो शांत होतो. रानातल्या हरणाला तोच हात शिकारी प्राण्याच्या पंज्यासारखा असतो. जवळ आलेला चेहरा, त्यावरचे समोर रोखलेले दोन डोळे आणि आवाज यांचा त्याच्या लेखी एकच अर्थ होतो, आणि शरीर सुटकेच्या तयारीला लागते. पळायला वाव असेल तोवर ही यंत्रणा जीव वाचवते. पकडलेल्या, बांधलेल्या किंवा पिंजऱ्यात कोंडलेल्या प्राण्यात तीच जिवावर उठते. अतिश्रम आणि भीती यांमुळे स्नायूंना ऑक्सिजन अपुरा पडतो, त्यांत लॅक्टिक आम्ल साचते आणि स्नायूपेशी नष्ट होऊ लागतात; त्यांतून बाहेर पडलेले मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडांना इजा करते, तर पोटॅशियम हृदयाची लय बिघडवते. पशुवैद्य या अवस्थेला ‘कॅप्चर मायोपॅथी’ म्हणतात. हरणे आणि लांब पायांचे पक्षी तिला विशेष बळी पडतात, आणि मृत्यू कधी काही तासांत तर कधी अनेक दिवसांनी येतो. जखम किरकोळ होती, उपचार योग्य झाले आणि तरीही प्राणी दगावला, अशा कित्येक प्रसंगांचे मूळ येथे असते.

भीतीची दुसरी बाजू अधिक फसवी आहे. आजारी दिसणारा प्राणी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून बहुतेक वन्यप्राणी आणि विशेषतः पक्षी आपले आजारपण जमेल तितके लपवतात. हातात घेतल्यावर निमूट बसलेला पक्षी ‘माणसाळला’ असे आपल्याला वाटते, तेव्हा तो बहुधा भीतीने थिजलेला किंवा शक्ती संपत आलेला असतो. त्यामुळेच केंद्रात नव्या रुग्णाला मिळणारे पहिले औषध म्हणजे अंधार, ऊब आणि शांतता. हवेसाठी भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, त्यात एक मऊ फडके, आणि काही वेळ कोणीही झाकण उघडायचे नाही. जखम दिसत असूनही तिला लगेच हात न लावणे हे या कामातले फार अवघड कौशल्य आहे, असे मला वाटते.

पुढचा क्रमही ठरलेला असतो : आधी शरीराचे तापमान, मग पाणी, आणि सर्वांत शेवटी अन्न. पक्ष्याचे तापमान सुमारे ४० ते ४२ अंश सेल्सिअस असते. तो गारठला की आतड्यांचे काम मंदावते आणि घशाखाली घातलेले अन्न तसेच पडून राहते. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपेट दिलेले अन्न तर प्राणघातक ठरू शकते, कारण अन्न पोहोचताच इन्सुलिन वाढते आणि रक्तातले फॉस्फेट झपाट्याने पेशींत ओढले जाऊन हृदय व स्नायू यांना त्याची टंचाई भासते. उपाशी जिवाला तत्काळ खाऊ घालण्याची आपली सहजप्रेरणा इथे उलट काम करते. सस्तन प्राण्यांच्या पिल्लांना गाईचे दूध पाजणे हाही असाच सद्भावनेचा अपघात आहे. प्रत्येक जातीच्या मादीच्या दुधातील मेद, प्रथिने आणि शर्करा यांचे प्रमाण वेगळे असते, आणि चुकीच्या दुधाने जुलाब होऊन आधीच कोरडे पडलेले पिल्लू आणखी खचते.

पक्ष्याला धरण्याचेही शास्त्र आहे. आपल्या छातीखाली श्वासपटल असते, पक्ष्यांना तसे नसते. त्यांची फुफ्फुसे जवळजवळ ताठ असतात आणि शरीरभर पसरलेले वायुकोश भात्यासारखे हवा खेळवतात. त्यासाठी उरोस्थी, म्हणजे छातीचे हाड, प्रत्येक श्वासाला पुढे-मागे हलावे लागते. पक्षी निसटू नये म्हणून मुठीत छाती घट्ट आवळली, तर नाक-तोंड मोकळे असूनही तो गुदमरतो. याच रचनेमुळे आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. रक्तवाहिनी सापडत नसेल तेव्हा सलाइन हाडातून देता येते, पण बहुतेक पक्ष्यांच्या दंडाचे हाड पोकळ असून वायुकोशाला जोडलेले असते. त्यात सलाइन सोडणे म्हणजे ते श्वसनमार्गात ओतणेच होय. म्हणून सुई कोपराच्या पुढच्या हाडात किंवा पायाच्या नळीत घातली जाते.

जखमांमध्ये मांजराचा चावा हा सर्वाधिक फसवा असतो. बाहेरून टाचणीच्या टोकाएवढे छिद्र दिसते, पण दातावरचे पाश्चुरेला जातीचे जिवाणू खोल ऊतींत गेलेले असतात, आणि वेळेवर प्रतिजैविक दिले नाही तर रक्तात विष पसरून लहान पक्षी एक-दोन दिवसांत मरतो. हाड मोडणे त्या मानाने सरळ. पक्ष्यांची हाडे लवकर जुळतात आणि साध्या मोडीत साधारण तीन आठवड्यांत पुरेशी मजबुती येते. अडचण अशी की माणसाचा हात किंचित वाकडा जुळला तरी चालतो, पंखाला मात्र काही अंशांचा फरकही खपत नाही. कासवाचे कवच म्हणजे निर्जीव टोपण अशी समजूत सर्वत्र आढळते. ते वस्तुतः फासळ्या व पाठीचा कणा यांच्याशी एकजीव झालेले हाड आहे, त्याला रक्तपुरवठा आहे, संवेदना आहे, आणि ते जुळायला महिनेच्या महिने लागतात.

पण पक्ष्यांच्या बाबतीत सर्वांत विलक्षण प्रकरण पिसांचे आहे. पूर्ण वाढलेले पीस केसासारखे किंवा नखासारखे निर्जीव केराटिन असते, त्यामुळे मोडलेले पीस भरून येत नाही; ते गळून नवे येईपर्यंत वाट पाहावी लागते, आणि मोठ्या शिकारी पक्ष्यांत सगळी उड्डाणपिसे बदलायला वर्षाहून अधिक काळ लागू शकतो. एवढा काळ पिंजऱ्यात ठेवणे हीच एक दुखापत ठरते. यावर ससाणे पाळणाऱ्यांनी शोधलेला उपाय अजूनही वापरात आहे, आणि तेराव्या शतकात पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट दुसरा फ्रेडरिक याने लिहिलेल्या ससाणेविद्येवरील ग्रंथातही त्याचा उल्लेख आहे. मृत पक्ष्याचे त्याच जागचे, त्याच मापाचे पीस घ्यायचे, मोडक्या पिसाचा देठ सरळ कापायचा, दोन्ही पोकळ देठांत बांबूची बारीक काडी बसवायची आणि गोंदाने चिकटवायचे. पक्षी उडू लागतो आणि पुढच्या पिसेगळतीत उसने पीस आपोआप पडून जाते. काही केंद्रांत अशा जपून ठेवलेल्या पिसांचे कप्पे असतात. पाहुण्यांना बंद इमारतीतील एकच गोष्ट दाखवायची झाली, तर मी तो कप्पा दाखवीन.

पिसांचे दुसरे काम म्हणजे पाणी बाहेर ठेवणे. हे तेलकट लेपामुळे होते असे मानले जाते, पण त्यात मोठा वाटा पिसाच्या सूक्ष्म आकड्यांच्या विणीचा असतो. समुद्रात सांडलेले खनिज तेल ही वीण विस्कटते, थंड पाणी कातडीला भिडते, आणि चोचीने तेल साफ करता करता पक्षी ते गिळत जातो. उपचार म्हणून भांडी घासण्याचा द्रवरूप साबण वापरतात, पण खरे कष्ट साबण काढण्यात असतात. त्याचा अंशही उरला तर वीण पुन्हा बसत नाही. जून २००० मध्ये ‘ट्रेझर’ हे जहाज दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ बुडाले, तेव्हा सुमारे १९,००० तेलाने माखलेल्या आफ्रिकी पेंग्विनांना धुऊन त्यांतील नव्वद टक्क्यांच्या आसपास वाचवण्यात आले. आणखी सुमारे १९,५०० पेंग्विनांना अद्याप तेल लागलेले नव्हते. त्यांना पकडून शेकडो किलोमीटर दूर पोर्ट एलिझाबेथजवळ समुद्रात सोडण्यात आले. ते पोहत आपल्या बेटांवर परतले, आणि तेवढ्या अवधीत तेल बरेचसे हटवता आले. पक्ष्यांना घरची ओढ असते, याचा इतका व्यवहारी उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

बंद दाराचे दुसरे कारण पिल्लांच्या कक्षात सापडते. १९३५ मध्ये प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कॉनराड लोरेन्झ यांनी हंसकुळातील पिल्लांवर सविस्तर वर्णिलेली घटना आता सुपरिचित आहे : अंड्यातून बाहेर आल्यावरच्या मर्यादित काळात जे हलताना दिसेल त्याचाच पिल्लाच्या मनावर ‘आई’ म्हणून ठसा बसतो. पुढे १९७३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बदक-हंसांत हा ठसा काही तासांत बसतो, शिकारी पक्ष्यांत तो अधिक सावकाश घडतो, आणि कित्येक जातींत पुढे जोडीदार कोणाला मानायचे हेही तो ठरवतो. माणसाच्या हातून वाढलेले घुबड माणसाला प्रतिस्पर्धी समजून हल्ला करू शकते किंवा माणसाशीच प्रियाराधन करू लागते. हा ठसा बहुधा पुसता येत नाही. म्हणून पिल्लांना भरवताना बोलायचे नाही, चेहरा झाकायचा, शक्य तिथे त्याच जातीच्या प्रौढ पक्ष्याकडे पिल्लू सोपवायचे, आणि एकट्याऐवजी बरोबरीच्या पिल्लांसोबत ठेवायचे.

एवढे करूनही सगळे साधतेच असे नाही. कॅलिफोर्निया कॉन्डॉर या महाकाय गिधाडाची संख्या १९८२ मध्ये २२ पर्यंत घसरली होती. १९८७ मध्ये रानातील शेवटचा पक्षी पकडला गेला तेव्हा एकूण २७ पक्षी उरले होते. त्यांची पिल्ले कॉन्डॉरच्या डोक्यासारखी बाहुली हातात घालून वाढवली गेली आणि १९९२ पासून मुक्त करण्यात आली. पिल्लांवर माणसाचा ठसा बसला नव्हता, तरी हे तरुण पक्षी विजेच्या खांबांवर उतरू लागले आणि माणसांच्या वस्तीजवळ घुटमळू लागले. मग पिंजऱ्यात सौम्य झटका देणारे खोटे खांब उभे केले गेले, आणि शिस्त लावण्यासाठी प्रौढ कॉन्डॉर सोबतीला ठेवले गेले. बाहुली घास भरवू शकते. आगाऊपणा केल्यावर चोच मारू शकत नाही.

यामुळे बचाव केंद्रातले अनेक जाणते कार्यकर्ते आलेले पिल्लू दाखल करून घेण्याऐवजी परत पाठवण्याच्या खटपटीत असतात. हरणी पाडसाला गवतात लपवून तासन्‌तास दूर चरते. ते एकटे असते, अनाथ नसते. पंख फुटलेले पण नीट उडू न शकणारे पाखरू काही दिवस जमिनीवर काढते आणि आई-बाप त्याला तिथेच भरवतात. माणसाचा वास लागला की पक्षी पिल्लाला टाकतात ही समजूत खोटी आहे, त्यामुळे घरट्यातून पडलेले धडधाकट पिल्लू उचलून घरट्यात ठेवता येते. किटकभक्षी पिल्लाला दिवसभर दर वीस-तीस मिनिटांनी भरवावे लागते, हे ध्यानात घेतले तर आई-बाप किती काम करतात आणि केंद्राला त्यांची जागा घेणे किती जड जाते, ते कळते.

बरा झालेला प्राणी सोडण्यापूर्वी त्याची परीक्षा होते. लांबलचक उड्डाणपिंजऱ्यात पक्षी वळू शकतो का, चढ घेऊ शकतो का, उतरल्यावर धापा किती वेळ टाकतो, हे पाहिले जाते. एका डोळ्याने आंधळा ससाणा भरधाव झेपेत अंतराचा अंदाज घेऊ शकत नाही, म्हणून बहुतेक तज्ज्ञ त्याला सोडायला कचरतात. गव्हाणी घुबडाचा निकाल मात्र वेगळा लागू शकतो. त्याच्या कानांची छिद्रे वर-खाली असतात, त्यामुळे एकच आवाज दोन्ही कानांत किंचित वेगळा पोहोचतो आणि मिट्ट काळोखातही उंदीर नेमका कुठे आहे हे त्याला कळते. त्याची एका डोळ्याची दृष्टी गेली असली, तरी ऐकून शिकार साधत असेल तर त्याला सोडता येते.

या परीक्षेत जे उतरत नाहीत त्यांतील सर्वांनाच शिक्षण विभागात जागा मिळत नाही, आणि हे पाहुण्यांना सांगताना मार्गदर्शक अनेकदा शब्द चाचपडतो. पिंजरा ज्याला सोसवत नाही अशा प्राण्याला वेदनारहित मरण देणे अधिक दयाळूपणाचे असते. जो सोसू शकतो, त्याच्यासाठी सगळे नियम उलटे होतात. कालपर्यंत माणूस दिसू नये म्हणून धडपड होती. आता हातमोज्यावर येऊन बसले की घास मिळतो, वजनकाट्यावर चढले की घास मिळतो, असे टप्प्याटप्प्याने शिकवले जाते. त्याला कुरवाळू देत नाहीत, कारण स्पर्श हे बक्षीस असते ते माणसाला.

बाकीच्यांना सोडताना गाजावाजा नसतो. योग्य अधिवास, योग्य हंगाम आणि अनुकूल हवामान पाहून खोक्याचे झाकण उघडतात आणि मागे सरकतात. घुबड असेल तर संध्याकाळी. पायात क्रमांकाची कडी असते, आणि तो पक्षी पुढे पुन्हा कोणाला सापडला तर त्या क्रमांकावरून केंद्राला कळते. बहुतेक कड्या पुन्हा कधीच सापडत नाहीत, आणि नोंदवहीत त्या पक्ष्याच्या नावापुढे सुटकेची तारीख लिहिली जाते व पुढचा रकाना कोराच राहतो.