विशेष सागरी क्षेत्रे व जहाजांचे तेलप्रदूषण

जहाजांतून समुद्रात तेल जाऊ नये म्हणून जगातल्या काही समुद्रभागांना इतर समुद्रांपेक्षा कडक नियम लावले जातात. आंतरराष्ट्रीय कायद्यात अशा भागाला ‘विशेष क्षेत्र’ म्हणतात. ती ठरवण्याचे काम आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत होते. त्याला आधार आहे 1973 साली झालेल्या आणि 1978 मध्ये सुधारलेल्या मार्पोल कराराचा. तेलाविषयीचे नियम त्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. 1990 पासून ‘विशेष संवेदनशील सागरी क्षेत्र’ असा आणखी एक दर्जा वापरात आला. दोन्ही नावे जवळजवळ सारखी असल्याने गल्लत होते. पहिल्यात जहाजाने पाण्यात काय सोडू नये हे ठरते. दुसऱ्यात मुख्यतः जहाजाने कुठून आणि कोणत्या खबरदारीने जावे हे ठरते.

तेलप्रदूषण म्हटले की खडकावर आदळून फुटलेला टँकर डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात विसाव्या शतकाचा बराच काळ जहाजांकडून समुद्रात गेलेल्या तेलाचा मोठा वाटा अपघातांचा नव्हता, तर रोजच्या कामाचा होता. टँकर जाताना तेलाने भरलेला असतो आणि परतताना रिकामा. रिकामे जहाज पाण्यावर फार उंच तरंगते, त्याचा पंखा पुरेसा बुडत नाही, लाटांत ते आवरत नाही. म्हणून परतीच्या प्रवासात वजनासाठी टाक्यांत समुद्राचे पाणी भरायचे. त्याला बॅलास्ट म्हणतात. टाक्यांच्या भिंतींना चिकटलेले तेल त्या पाण्यात मिसळे, आणि तेल भरायचे बंदर जवळ आले की ते सगळे समुद्रात सोडून दिले जाई. टाक्या धुतलेले पाणीही त्याच वाटेने जाई. कोणी चोरून करत नव्हते. जहाज चालवण्याची रीतच ती होती.

ही रीत बदलण्याचा पहिला आंतरराष्ट्रीय प्रयत्न म्हणजे 1954 चा लंडन करार. त्याने किनाऱ्यापासून साधारण 50 सागरी मैलांच्या पट्ट्यात तेलकट पाणी सोडण्यास बंदी घातली. त्यापलीकडे मात्र फारशी आडकाठी नव्हती. समुद्र मोठा आहे, दूर सोडलेले तेल विरून जाईल, असा त्यामागचा समज होता. तवंग वाऱ्या-प्रवाहांबरोबर शेकडो मैल जातात आणि डांबराच्या गोळ्यांच्या रूपाने किनाऱ्याला लागतात, हे किनाऱ्यावरची माणसे वर्षानुवर्षे पाहत होती.

18 मार्च 1967 रोजी ‘टॉरी कॅनियन’ हा टँकर इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळच्या सेव्हन स्टोन्स खडकांवर चढला. त्यात कुवेतचे सुमारे 1,20,000 टन खनिज तेल होते. तेल जाळून टाकण्यासाठी ब्रिटिश विमानांनी जहाजावर बॉम्ब टाकले, आणि किनाऱ्यावर फवारलेल्या तीव्र रसायनांनी काही ठिकाणी तेलापेक्षाही जास्त जीव मारले. या धक्क्यातून ज्या वाटाघाटी सुरू झाल्या त्यांचे फळ म्हणजे 2 नोव्हेंबर 1973 चा मार्पोल करार. पुरेशा देशांनी तो मान्य करेपर्यंत आणखी टँकर फुटले, 1978 ची पुरवणी जोडावी लागली, आणि 2 ऑक्टोबर 1983 रोजी तो अमलात आला.

मार्पोलने सर्वच समुद्रांसाठी नियम घातले. विशेष क्षेत्राबाहेर टँकरला मालाच्या टाक्यांतले तेलकट पाणी सोडायचे असेल, तर जहाज किनाऱ्यापासून 50 सागरी मैलांपेक्षा दूर असले पाहिजे, चालते असले पाहिजे, दर सागरी मैलाला 30 लिटरपेक्षा जास्त तेल जाता कामा नये, आणि एकूण तेल आधीच्या मालाच्या तीस हजाराव्या भागापलीकडे जाता कामा नये (जुन्या टँकरांना पंधरा हजारावा भाग). आकडा बारीक वाटतो; पण तीन लाख टनांच्या टँकरच्या बाबतीत हा तीस हजारावा भाग 10 टन भरतो. खुल्या महासागरात ही मर्यादा तडजोड म्हणून समजण्यासारखी आहे. बंदिस्त समुद्रात ती परवडत नाही, आणि विशेष क्षेत्राची कल्पना नेमकी इथून निघते.

बाल्टिक समुद्राची सरासरी खोली जेमतेम 55 मीटर. डेन्मार्कजवळच्या अरुंद सामुद्रधुन्यांमधूनच त्याचे पाणी आत-बाहेर करते आणि ते पूर्ण बदलायला 25 ते 30 वर्षे लागतात. इराणचे आखात त्याहूनही उथळ आहे आणि जगातल्या सर्वांत गजबजलेल्या तेलमार्गाचा उगम तिथेच आहे. भूमध्य समुद्र खोल असला, तरी महासागराशी त्याचा मुख्य संबंध जिब्राल्टरच्या चिंचोळ्या वाटेने येतो. अशा ठिकाणी सोडलेले तेल दूर जात नाही. ते तिथल्याच गाळात, तिथल्याच जीवांच्या शरीरात राहते. पक्ष्याच्या पिसांना थोडे जरी तेल लागले, तरी पिसांची पाणी अडवण्याची ताकद जाते आणि पक्षी गारठून मरतो. खारफुटीची श्वसनमुळे तेलाने बुजतात, आणि ऑक्सिजन नसलेल्या चिखलात मुरलेले तेल दशकानुदशके तसेच सापडते.

म्हणून 1973 च्या मूळ करारातच पाच विशेष क्षेत्रे ठरली : भूमध्य समुद्र, बाल्टिक समुद्र, काळा समुद्र, लाल समुद्र आणि इराणचे व ओमानचे आखात मिळून झालेले आखात क्षेत्र. पुढे एडनचे आखात, अंटार्क्टिक, वायव्य युरोपचे समुद्र, अरबी समुद्राचा ओमानलगतचा भाग आणि दक्षिण आफ्रिकेच्या दक्षिणेकडचे पाणी यांची भर पडली. या क्षेत्रांत टँकरच्या मालटाक्यांतले तेलकट पाणी अजिबात सोडता येत नाही. फक्त स्वच्छ किंवा स्वतंत्र टाक्यांतले बॅलास्ट सोडता येते. इंजिनखोलीच्या तळाशी साचणाऱ्या पाण्याला, म्हणजे बिल्जला, वेगळा नियम आहे. 400 टन व त्यावरील जहाजाने ते गाळणीयंत्रातून काढायचे, त्यात तेल दहा लाखात 15 भागांपेक्षा जास्त नसावे, आणि विशेष क्षेत्रात हे प्रमाण ओलांडले तर धोक्याची घंटा वाजून विसर्ग आपोआप बंद पडला पाहिजे. अंटार्क्टिकमध्ये, 60 अंश दक्षिण अक्षांशाच्या खाली, हीसुद्धा मुभा नाही. 1989 च्या जानेवारीत ‘बाहिया पराइसो’ हे अर्जेंटिनाचे जहाज अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळ बुडून त्यातले डिझेल सांडले होते. अंटार्क्टिकला हा दर्जा देण्याचा निर्णय पुढच्याच वर्षी झाला.

एक तरतूद मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. 50 मैल मोजायचे ते जमिनीपासून, पण ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यापुरती मार्पोलने ती रेषा समुद्रात पुढे सरकवली आणि ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळभिंतीच्या बाहेरून आखली. प्रवाळाला जमिनीइतकाच मान देणारी ही व्याख्या कराराच्या सर्वांत सुज्ञ ओळींपैकी एक आहे.

आता या व्यवस्थेचा खरा कणा. पाण्यात सोडायचे नाही, तर ते तेलकट पाणी जाणार कुठे? 1960 च्या दशकात टँकर कंपन्यांनी एक पद्धत काढली होती : तेलकट पाणी एका टाकीत निवळू द्यायचे, तेल वर आले की खालचे पाणी सोडायचे आणि उरलेल्या तेलावरच पुढचा माल भरायचा. पण पाणी निवळायला वेळ लागतो. भूमध्य समुद्रातल्यासारखे दोन-तीन दिवसांचे प्रवास असतील, तर तेवढा वेळच मिळत नाही. मग ते पाणी बंदरात उतरवून घेणे हाच मार्ग राहतो, आणि त्यासाठी बंदरात टाक्या, पंप आणि तेल वेगळे करण्याची यंत्रणा लागते. मार्पोलने ही जबाबदारी किनाऱ्यावरच्या देशांवर टाकली आहे. पुरेशी सोय झाल्याचे त्या देशांनी कळवल्याशिवाय विशेष क्षेत्राचे विसर्गनियम लागू होत नाहीत. तोवर तिथे बाहेरच्या समुद्राचेच सैल नियम चालतात.

या अटीचा परिणाम तारखांमध्ये दिसतो. भूमध्य, बाल्टिक आणि काळा समुद्र यांना 1983 मध्ये करारासोबतच संरक्षण मिळाले. आखात क्षेत्राला ते 1 ऑगस्ट 2008 रोजी मिळाले. लाल समुद्राचे नाव 1973 पासून यादीत होते. तिथले नियम 1 जानेवारी 2025 रोजी, एडनच्या आखाताबरोबर, लागू झाले. प्रवाळांसाठी जगभर नावाजलेल्या एका समुद्राने कागदावरच्या दर्जासह पन्नासहून अधिक वर्षे काढली, आणि त्या काळात सुएझच्या वाटेने टँकर जातच राहिले. अरबी समुद्राचा ओमानलगतचा भाग 2004 मध्ये निवडला गेला आणि जानेवारी 2025 मध्येही प्रतीक्षेतच राहिला. नकाशावर रेघ ओढायला एक बैठक पुरते. बंदरात टाकी बांधायला पैसा लागतो, जागा लागते, आणि त्यातून बांधणाऱ्याला थेट नफा होत नाही. समुद्र वाचवण्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे आणि सर्वांत निर्णायकही हाच आहे.

सोय असूनही ती महाग असेल तर जहाज तिच्याकडे फिरकत नाही. बाल्टिकच्या देशांनी, 1974 च्या हेलसिंकी करारातून उभ्या राहिलेल्या आयोगामार्फत, यावर चांगला तोडगा काढला : तेलकट कचरा देण्याचे वेगळे शुल्क घ्यायचे नाही, ते बंदराच्या सर्वसाधारण आकारातच धरायचे. जहाजाने कचरा दिला काय, न दिला काय, पैसे तेवढेच. मग समुद्रात टाकून वाचवण्यासारखे काही उरत नाही. जोडीला विमानांनी पाहणी सुरू राहिली. 1989 मध्ये तिथे साडेसातशेहून अधिक तवंग दिसले होते. 2015 पासून वर्षाचा आकडा शंभराच्या आत आला.

तरीही चोरटा विसर्ग थांबलेला नाही. इंजिनखोलीत गाळणीयंत्राला वळसा घालून तेलकट पाणी थेट बाहेर काढणारी नळी जोडतात. खलाशांच्या आणि वकिलांच्याही बोलण्यात तिला ‘मॅजिक पाइप’ म्हणतात. ठरावीक आकाराच्या वरच्या प्रत्येक जहाजाला तेल नोंदवही ठेवावी लागते आणि कोणत्या टाकीतले काय, कधी, कुठे गेले हे तिच्यात लिहावे लागते. खोटेपणा बहुधा या वहीतच उघडा पडतो. खोल समुद्रात काय झाले ते सिद्ध करणे अवघड, पण खोटी नोंदवही घेऊन बंदरात येणे हा त्या बंदराच्या देशात घडलेला गुन्हा ठरतो, आणि अमेरिकेने याच आधारावर मोठे खटले चालवले. 2016 मध्ये प्रिन्सेस क्रूझ लाइन्स या कंपनीने गुन्हा कबूल केला व 4 कोटी डॉलर दंड मान्य केला. ते प्रकरण बाहेर आले ते जहाजावरच्या एका नव्या अभियंत्यामुळे. माहिती देणाऱ्याला दंडातला निम्म्यापर्यंत हिस्सा देण्याची मुभा अमेरिकी कायद्यात आहे आणि ती योग्यच आहे, कारण असा माणूस आपली नोकरी पणाला लावत असतो.

आकाशातूनही लक्ष असते. तेलाचा पातळ थर समुद्रावरच्या बारीक लहरी दाबतो, म्हणून उपग्रहाच्या रडारला तो भाग काळा दिसतो, रात्री आणि ढगांतूनही. युरोपात 2007 पासून अशा प्रतिमा नियमितपणे तपासल्या जातात. मात्र वारा अगदी पडलेला असेल तर स्वच्छ पाणीही काळेच दिसते, म्हणून विमानाने किंवा नौकेने खात्री करावी लागते.

विशेष संवेदनशील सागरी क्षेत्राचा दर्जा पहिल्यांदा 1990 मध्ये ग्रेट बॅरियर रीफला मिळाला. पुढे क्यूबाचा साबाना-कामागुए द्वीपसमूह, वाडन समुद्र, गालापागोस, कॅनरी बेटे, फिलिपिन्सचे तुब्बाताहा प्रवाळ, 2023 मध्ये वायव्य भूमध्य समुद्र अशी भर पडत गेली. जागेचे पर्यावरणीय, सामाजिक-आर्थिक किंवा वैज्ञानिक मोल आणि तिला जहाजवाहतुकीपासून असलेला धोका, दोन्ही दाखवावे लागतात. पण नुसत्या दर्जाने काही बदलत नाही. त्यासोबत ठोस उपाय मंजूर व्हावा लागतो. ग्रेट बॅरियर रीफच्या आतल्या मार्गावर 70 मीटर व त्याहून लांब जहाजांना वाट दाखवणारा स्थानिक पायलट घेणे सक्तीचे आहे. तुब्बाताहाभोवती 150 टन व त्यावरील जहाजांनी टाळायचे क्षेत्र आखले आहे. एप्रिल 2010 मध्ये ‘शेन नेंग 1’ हे कोळशाचे जहाज ग्रेट बॅरियर रीफमधल्या डग्लस शोल या उथळ भागावर चढले आणि प्रवाळात मोठा चरा पाडून गेले. त्यानंतर वाहतूक-देखरेख रीफच्या दक्षिण भागापर्यंत वाढवण्यात आली.

जहाजाची घडणही बदलली. 1978 च्या पुरवणीने मोठ्या नव्या टँकरांना बॅलास्टसाठी स्वतंत्र टाक्या सक्तीच्या केल्या, त्यामुळे तेल आणि पाणी एकत्र येण्याचे मूळच तुटले. 1989 च्या ‘एक्झॉन व्हाल्डीझ’ अपघातानंतर दुहेरी कवचाचा नियम आला. 1970 च्या दशकात टँकरांतून 7 टनांपेक्षा जास्त तेल सांडण्याच्या घटना वर्षाला सरासरी 79 होत. 2010 च्या दशकात त्या 6 वर आल्या. टँकर नसलेल्या जहाजांचे इंधन मात्र बराच काळ या शिस्तीबाहेर राहिले. जुलै 2020 मध्ये मॉरिशसच्या प्रवाळांवर आदळलेले ‘वाकाशिओ’ मालवाहू जहाज होते, आणि सांडलेले सुमारे हजार टन तेल त्याचे स्वतःचे इंधन होते. इंधनटाक्यांना संरक्षण देण्याचा नियम ऑगस्ट 2010 नंतर ताब्यात दिलेल्या जहाजांना लागू आहे. हे जहाज त्याआधीचे.

थंड पाण्यात जड इंधन तेल फार हळू विघटित होते, बर्फाखाली गेलेले काढणेही फार अवघड असते. अंटार्क्टिकमध्ये ते वापरण्यास व वाहून नेण्यास 1 ऑगस्ट 2011 पासून बंदी आहे. आर्क्टिकमध्ये बंदी 1 जुलै 2024 रोजी सुरू झाली, पण इंधनटाक्या संरक्षित असलेल्या जहाजांना आणि किनाऱ्यावरच्या देशांनी सूट दिलेल्या त्यांच्या स्वतःच्या जहाजांना 1 जुलै 2029 पर्यंत मोकळीक आहे.