हॉलिवूड संगीतपट : स्त्रीचा आवाज आणि देह यांवरील पुरुषी ताबा

अमेरिकेत बोलपट आल्यापासून १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत जे संगीतपट निघाले, त्यांत नायिकेने कसे दिसावे, कसे नाचावे आणि कोणाच्या गळ्याने गावे हे बहुतेक वेळा स्टुडिओतील पुरुष ठरवत. निर्माते, दिग्दर्शक, नृत्यदिग्दर्शक, संगीत विभागाचे प्रमुख या जागांवर क्वचितच स्त्री असे. नटी वर्षानुवर्षांच्या कराराने बांधलेली असे. यांतल्या अनेक चित्रपटांची कथाही हीच असते : एक पुरुष एका मुलीला घडवतो.

देहाची बाजू ठळकपणे दिसते ती नृत्यदिग्दर्शक बझ्बी बर्कली यांच्या नृत्यांत. त्यांनी कॅमेरा थेट छतापाशी नेला आणि खालच्या नर्तकींची फुले, चक्रे, लाटा केल्या. ‘डेम्स’मध्ये (१९३४) तर नर्तकींच्या हाती नायिका रुबी कीलर यांच्या चेहऱ्याचे मुखवटे आहेत, कोणती मुलगी कोण, याला अर्थच उरत नाही. ही दृश्ये आजही डोळे दिपवतात, आणि म्हणूनच त्यांत एकेका बाईचे काय होते हे निरखून पाहावे लागते. ‘द विझर्ड ऑफ ओझ’साठी (१९३९) ज्यूडी गार्लंड लहान मुलगी दिसावी म्हणून सोळाव्या वर्षी त्यांची छाती आवळून बांधली गेली. वजनासाठी स्टुडिओ आपल्याला गोळ्या देत असे, हे त्यांनीच पुढे सांगितले.

आवाजाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि ‘सिंगिन’ इन द रेन’मध्ये (१९५२) तो उघड मांडलेला आहे. बोलपट आल्यावर मूकपटाची तारका लीना लॅमाँट हिचा आवाज कर्कश ठरतो, म्हणून पडद्यामागून कॅथी सेल्डन तिच्यासाठी बोलते, गाते. शेवटी लीना प्रेक्षकांपुढे ओठ हलवत असताना नायक, त्याचा मित्र आणि स्टुडिओचा मालक असे तिघे पुरुष दोर ओढून पडदा वर करतात. लीनाची फजिती होते. पण कॅथीलाही कोणी विचारलेले नसते. ती रडत सभागृहातून पळते आणि नायक ओरडून तिला थांबवायला लावतो. प्रेक्षक याला कॅथीचा विजय समजतात. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते : या चित्रपटात आपला करार नीट वाचून त्याच्या बळावर मालकाला दटावणारी एकच बाई आहे, ती लीना, आणि तीच खलनायिका.

प्रत्यक्ष निर्मितीत उलटेच घडले. कॅथी झालेल्या डेबी रेनल्ड्स यांचे ‘वुड यू?’ हे गाणे बेट्टी नॉइस यांनी गायले, आणि त्यांचे नाव श्रेयनामावलीत आले नाही. कॅथी लीनासाठी संवाद डब करते त्या प्रसंगात ऐकू येतो तो लीना साकारणाऱ्या जीन हेगन यांचाच मूळ, भरदार आवाज. कर्कशपणा हा त्यांचा अभिनय होता.

उसना गळा देणाऱ्यांत मार्नी निक्सन यांचे नाव सर्वांत महत्त्वाचे. ‘द किंग अँड आय’मध्ये (१९५६) त्या डेबरा कर यांच्यासाठी, ‘वेस्ट साइड स्टोरी’मध्ये (१९६१) नॅटली वुड यांच्यासाठी आणि ‘माय फेअर लेडी’मध्ये (१९६४) ऑड्री हेपबर्न यांच्यासाठी गायल्या. पहिल्या चित्रपटाच्या वेळी तोंड उघडू नये अशी ताकीद स्टुडिओने दिल्याचे त्यांनी नंतर सांगितले. वुड यांना चित्रीकरणभर आपलेच गाणे राहणार असे वाटत होते. पुरुष नटांचेही आवाज बदलले जात. ‘वेस्ट साइड स्टोरी’त नायक रिचर्ड बेमर यांच्यासाठी जिमी ब्रायंट गायले. तरीही ‘माय फेअर लेडी’त जो भेद केला गेला, तो डोळ्यांआड करता येत नाही. आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवायला नायक रेक्स हॅरिसन यांनी नकार दिला, तेव्हा त्यांच्या टायमध्ये बिनतारी मायक्रोफोन लपवून गाणी सेटवरच मुद्रित करण्यात आली. हेपबर्न यांनी मेहनतीने गायलेली बहुतेक गाणी मात्र काढून निक्सन यांचा आवाज घालण्यात आला. रंगभूमीवर हीच भूमिका गाजवलेल्या ज्यूली अँड्र्यूज यांना निर्माते जॅक वॉर्नर यांनी आधीच डावलले होते. गोट्या तोंडात भरून फुलवालीला उच्चार शिकवणाऱ्या प्राध्यापकाची ही कथा. पडद्याबाहेरही नायिकेचा आवाज दुसऱ्यांनीच ठरवला.

या चित्रपटाचे मूळ, बर्नार्ड शॉ यांचे ‘पिग्मॅलियन’, मराठीत पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’मुळे (१९७५) घरोघरी पोचले. मंजुळेच्या भूमिकेत भक्ती बर्वे यांनी गाजवलेले ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ हे स्वगत आणि चित्रपटातले ‘जस्ट यू वेट’ हे गाणे एकाच जातीचे आहे : मास्तर समोर नसताना मुलगी त्याच्यावर मनसोक्त संतापते. हेपबर्न यांचा स्वतःचा आवाज चित्रपटात ज्या थोड्या जागी राहिला, त्यांत या गाण्याचा रागाचा भाग आहे.