एक टक्का आकसलेली नक्कल

जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये एक समज घट्ट बसलेला आहे. ब्रेकचा भाग हाताला जड लागतो, त्यावर कंपनीचं नाव उठावात आहे, वर तपकिरी गंज आहे, शिवाय तो गाडीला नीट बसतोही, म्हणजे तो मूळचाच असणार. यातली एकही गोष्ट पुरावा नाही. बीड जडच असतं. मिठाचं पाणी आणि हायड्रोजन पेरॉक्साइड फवारलं की गंज एका रात्रीत चढतो. नाव तर साच्यातून आपोआप उतरतं. खरा पुरावा धातूच्या मापात असतो, आणि तो पाहायला व्हर्नियर कॅलिपर हे साधं मोजमापाचं हत्यार पुरतं.

उदाहरण म्हणून अमेरिकेतली शेवरोले कॉर्व्हेट घेऊ. १९६५ सालापासून तिला चारही चाकांना डिस्क ब्रेक मिळाले आणि १९८२ पर्यंत मूळ रचना तीच राहिली. ब्रेकचे कॅलिपर, म्हणजे फिरती डिस्क दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे भाग, जनरल मोटर्सच्या डेल्को मोरेन विभागाचे होते. बिडाचे दोन अर्धे बोल्टने जोडलेले आणि आत चार पिस्टन. पुढच्या चाकांच्या पिस्टनचा व्यास १.८७५ इंच, मागच्या चाकांच्या पिस्टनचा १.३७५ इंच. ग्लायकोल जातीचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्या पाण्याने बिडाच्या बोअरला, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो त्या भोकाला, खड्डे पडतात आणि सीलमधून गळती सुरू होते. त्यामुळे असंख्य गाड्यांचे मूळ कॅलिपर भंगारात गेले किंवा दुरुस्तीवाल्यांकडे बदलून घेतले गेले. उरलेल्यांना भाव आला आणि भावामागोमाग नकला आल्या.

नक्कल करण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे मूळ नगच पॅटर्न, म्हणजे साच्याचा नमुना, म्हणून वापरणं. तो वाळूत दाबायचा, काढायचा आणि झालेल्या पोकळीत बीड ओतायचं. प्रत्येक अक्षर आणि आकडा जसाच्या तसा उतरतो. पण माप उतरत नाही.

ग्रे कास्ट आयर्न, म्हणजे हेच बीड, साधारण ११५० अंश सेल्सिअसला पूर्ण घट्ट होतं. तिथून खोलीच्या तापमानापर्यंत म्हणजे सुमारे ११२० अंश ते थंड होतं आणि थंड होताना आकसतं. दर अंशाला लांबीचा लाखातला एक भाग, किंवा किंचित जास्त, असा सरळ हिशेब मांडला तर आकसणं सव्वा टक्क्याच्या आसपास यायला हवं. प्रत्यक्षात ते एक टक्क्याच्या जवळ राहतं. घट्ट होताना कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात वेगळा होतो आणि जास्त जागा व्यापतो. पुढे सव्वासातशे अंशांच्या आसपास लोखंडाची स्फटिकरचना बदलते, दाटीवाटीचा ऑस्टेनाइट मोडून सैल रचनेचा फेराइट तयार होतो आणि धातू क्षणभर उलटा फुगतो. त्यात साच्याची वाळू आणि आतला कोअर (पोकळी राखणारा वाळूचा गाभा) आकसणाऱ्या धातूला अडवून धरतात. या सगळ्याची गोळाबेरीज फुटाला एक अष्टमांश इंच, म्हणजे १.०४ टक्के. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतला किंवा गोकुळ शिरगावातला कोणताही पॅटर्नमेकर हे जाणतो. बिडाचा पॅटर्न तो तेवढा मोठाच करतो, आणि त्यासाठी त्याच्याकडे मुद्दाम लांब आखलेली वेगळी पट्टी असते.

डेल्को मोरेनचा पॅटर्नही असाच मोठा होता. त्यातून निघालेला कॅलिपर आकसून बरोबर मापाला आला. आता नक्कल करणारा त्या आकसलेल्या नगालाच पॅटर्न करतो, आणि त्याचं ओतकाम आणखी एक टक्का आकसतं. नकलेची नक्कल केली तर दोन टक्के.

मग ती गाडीला बसते कशी? बोअर, बोल्टची भोकं आणि जोडणीची तोंडं ओतल्यानंतर यंत्रावर कापली जातात, आणि कापताना माप बरोबर ठेवता येतं. म्हणून कापलेल्या पृष्ठभागांची मापं तपासून काहीही हाती लागत नाही. आकसणं दिसतं ते कच्च्या, न कापलेल्या भागावर.

मोजण्यासाठी त्याच कास्टिंग नंबरचा (ओतकामातच उठावात उतरलेल्या नंबरचा), खात्रीचा एक मूळ नग हवा. गंज तारेच्या ब्रशने काढा. सँडब्लास्टिंग नको, त्याने कडा गोल होतात. उठावाची अक्षरं, बरगड्या, उंचवटे यांच्यातली सहा-सात अंतरं निवडा, जमेल तितकी लांब. हे महत्त्वाचं आहे, कारण कडा धूसर असल्याने मापात ०.२ मिलिमीटरची चूक सहज होते. २० मिलिमीटरच्या अंतरात ही चूकच एक टक्का होते आणि माप वाया जातं. १०० मिलिमीटरमध्ये ती फक्त ०.२ टक्के उरते. माप अक्षराच्या डाव्या कडेपासून दुसऱ्या अक्षराच्या डाव्या कडेपर्यंत घ्या, म्हणजे कडा बोथट झाल्या असल्या तरी त्याचा परिणाम दोन्हीकडे कटतो. दोन्ही टोकं एकाच अर्ध्यावर आणि पार्टिंग लाइनच्या, म्हणजे साच्याचे दोन डबे जुळतात त्या रेषेच्या, एकाच बाजूला असावीत. ते डबे किंचित सरकले तर ती रेषा ओलांडणारं माप फसवतं.

आता संशयित नगाचं प्रत्येक माप मूळ नगाच्या मापाने भागा. उत्तरं १.००२, ०.९९८, १.००१ अशी एकच्या दोन्ही बाजूंना विखुरली तर तो ओतकामातला नेहमीचा फरक आहे. सगळीच ०.९९ च्या आसपास गोळा झाली तर तो नग दुसऱ्या नगावरून ओतलेला आहे. योगायोगाने झालेली चूक कधी इकडे तर कधी तिकडे जाते, आकसणं मात्र प्रत्येक मापाला एकाच दिशेने आणि एकाच प्रमाणात ओढतं. ही चाचणी मला सुंदर वाटते ती याचसाठी.

मूळ नगाची तोंडं आधीच कापलेली असल्याने तिथे नव्याने कापायला धातू उरलेला नसतो. मग नक्कल करणारा साचा करण्याआधी तिथे पुट्टी चढवतो. त्या थराची कड ओतकामात बारीक पायरी बनून राहते. थर कमी पडला तर कापलेल्या चकचकीत तोंडावर कच्च्या बिडाचे काळे डाग दिसतात. बाहेरचा आकार आकसलेला आणि बोअर पूर्ण मापाचा, म्हणून भिंतही पातळ होते, आणि ब्रेकमध्ये ही फक्त किमतीची बाब राहत नाही.

मूळ नग स्कॅन करून संगणकावर एक टक्का वाढवून पॅटर्न केला, तर मात्र ही चाचणी हरते. तेव्हा पार्टिंग लाइनची जागा, वाळूच्या कणांचा पोत आणि अक्षरांची जाडी बघावी लागते. बनावट करणाऱ्यांमधला घाईचा मोठा वर्ग तेवढे कष्ट घेत नाही.

ठोकलेली अक्षरं हे वेगळं प्रकरण आहे, उदाहरणार्थ मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणाऱ्या भागाच्या, पुढच्या सपाट जागेवरचा कोड. पंच ठोकला की खालचा धातू दबतो आणि त्याची स्फटिकरचना खोलवर विस्कटते. वरून घासून अक्षर घालवलं तरी विस्कटलेला थर उरतो, आणि क्युप्रिक क्लोराइड मिसळलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल त्याला आजूबाजूपेक्षा वेगळं खातं. न्यायवैद्यक प्रयोगशाळा पुसलेले नंबर अशाच वाचतात. बिडात निकाल पोलादापेक्षा पुसट येतो, आणि ओतलेल्या उठावाच्या अक्षरांना हा उपाय लागूच नाही, कारण त्यांच्याखाली काही दबलेलंच नसतं. घरी, वापरातल्या ब्रेकवर हा प्रयोग करू नका. भिंगातून कापणीच्या रेषा बघा. कोडच्या जागेवर त्या वेगळ्या दिशेने जात असतील तर तिथे हात फिरलेला आहे.

हातात धरायच्या एक्सरे यंत्राने धातू तपासून ‘शंभर टक्के ओरिजिनल’ असं लिहून दिलेल्या कागदावर पैसे घालवू नयेत. त्या यंत्राला कार्बन दिसत नाही, आणि बिडाचं बीडपण कार्बनमध्येच असतं. मँगनीज-सिलिकॉनचं प्रमाण एकाच कारखान्यात घाणागणिक बदलतं. त्यावरून वर्ष सांगणं हे हात बघून भविष्य सांगण्याच्या जातीचं काम आहे.

अस्सल डेल्को मोरेन ठरलेला भागही त्याच गाडीचा असेलच असं नाही. कंपनीने तेच भाग पुढे सुट्या भागांच्या दुकानांतूनही विकले. भागावर तारीख असेल तर ती गाडी बांधल्याच्या आधीची हवी, साधारण सहा महिन्यांच्या आतली. एक दिवस नंतरची असली तरी तो भाग त्या गाडीसोबत आलेला नाही. दुरुस्तीवाले कॅलिपर घाऊक प्रमाणात खोलतात, त्यामुळे दोन अर्धे वेगवेगळ्या नगांचे असणं नेहमीचं आहे. दोन्ही वेगळे तपासा.

बोअरमध्ये स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह (आतून बसवलेली नळी) असेल तर घाबरू नका, बाहेरचं ओतकाम तेच राहतं आणि गळती थांबते. शेवटी डिस्क बघा. कारखान्यात ती पुढच्या चाकांच्या हबला आणि मागच्या चाकांच्या स्पिंडलला (फिरत्या आसाला) रिव्हेटने जोडून मग कापत असत. रिव्हेट शाबूत असतील तर डिस्क बहुधा मूळची, ड्रिल करून काढलेले असतील तर बहुधा बदललेली. नवीन असताना तिची जाडी १.२५० इंच असते. १.२१५ इंचांच्या खाली गेलेली डिस्क कितीही अस्सल असली तरी रस्त्यावर चालवायची नाही.